राबाचं रान

भाताचं चित्र काढायला सांगितलं की शाळेतली मुलं पाऊस काढतात, गुडघाभर चिखल आणि ओळीनं वाकलेल्या बायका काढतात. आषाढापुरतं ते अगदी बरोबर आहे. पण आमच्या कर्जतच्या पट्ट्यात, सह्याद्रीच्या पायथ्याला, भाताचं वर्ष सुरू व्हायचं ते माघात, कोयत्याला धार लावण्यापासून. फाल्गुन, चैत्र आणि अर्धा वैशाख, पाण्याचा थेंब नसताना, भातासाठी जेवढी मेहनत व्हायची तेवढी लावणीतही होत नसे. या कामाला राब म्हणत. लग्न होऊन या घरात आले तेव्हा सासूबाईंच्या हाताखाली मी पहिलं शेतकाम शिकले ते हेच. आज गावात पूर्वीसारखा राब भाजणारी घरं मोजकी उरली आहेत, म्हणून जे पाहिलं, केलं आणि नंतर वाचून समजून घेतलं ते इथे लिहिते आहे.

आधी राब कसा करतात ते सांगते. खाचराच्या वरच्या अंगाला, पाणी साचणार नाही अशा उताराच्या तुकड्यावर रोपाची जागा ठरलेली असते. एक एकर लावणीला साधारण चार गुंठे रोप लागतं, म्हणजे जमिनीचा दहावा हिस्सा. या तुकड्यावर तळाला शेणाचा थर अंथरायचा. त्यावर टहाळ, म्हणजे ऐन-किंजळीच्या छाटलेल्या, पानांसकट वाळलेल्या फांद्या. त्यावर पातेरा, म्हणजे झाडाखाली गळून पडलेला पाला, मग गवत किंवा पेंढा आणि सगळ्यात वर चाळल्यासारखी बारीक माती. ही माती लाकूडपाला झाकण्यासाठी असते. ती नसेल तर गवत भपकन पेटतं, दहा मिनिटांत राख होते आणि खालची जमीन थंडच राहते. माती पसरली की आग आतल्या आत धुमसते, हळूहळू सरकते आणि जमीन चार बोटं खोल भाजून निघते. सासूबाई भाजलेल्या जागेतली माती चिमटीत घेऊन चुरडून बघत. ती रव्यासारखी सुटली तर राब साधला, ढेकूळ राहिलं तर कुठेतरी टहाळ कमी पडला.

टहाळ तोडण्याचं काम पुरुषांचं, आणि बहुतेक ठिकाणी ठाकर आणि कातकरी गड्यांचं. ऐनाच्या सरळ खोडावर चढून, खालून वर छाटत जाऊन, शेंड्याला पानांचा झुपका राखून उतरायचं, हे येरागबाळ्याचं काम नाही. शेंडा राखला नाही तर झाड खुंटतं. एकदा छाटलेल्या झाडाला पुढची काही वर्षं हात लावायचा नाही, हा दंडक होता. म्हणून घराच्या ताब्यातली झाडं वाटून घेतलेली असत: यंदा ओढ्याकडची, पुढच्या वर्षी टेपावरची. पातेरा गोळा करणं बायकांकडे. शिमग्याच्या आधी पहाटे दव पडलेलं असताना पाला लोटायचा, कारण ओलसर पाला पाटीत दाबून बसतो. ऊन चढलं की तो कुरकुरीत होतो, चुरा होऊन वाऱ्यावर जातो. डोक्यावर पाटी घेऊन डोंगरातून खाली येताना मानेत जी कळ यायची ती मला अजून आठवते. त्या कष्टाचं कौतुक करून कुणी त्याला गोड रंग देऊ नये.

पेटवण्याचा दिवस हवामान ठरवायचं. कोकणातला चैत्र वरवर रोज सारखाच दिसतो, पण त्यात दिवसाचे दोन वारे असतात. पहाटे घाटाकडून मंद गार झुळूक खाली उतरते. दुपारनंतर खाडीकडून पश्चिमेचा वारा येतो, आणि पारा चाळिशीपुढे गेलेल्या दिवशी तो जोरात येतो. राब लावायचा तो पहाटे किंवा दिवेलागणीला, वारा पडलेला असताना. आणि काडी लावायची ती वारा जिकडे जातो त्या कडेला, म्हणजे आगीला वाऱ्याच्या विरुद्ध सरकावं लागतं, ती घाई करत नाही. सासूबाई मूठभर धूळ सोडून बघत आणि म्हणत, "आधी वारा बघ, मग काडी लाव." भोवती हातभर रुंदीची पट्टी साफ करून ठेवायची, ओल्या फांद्या घेऊन दोघांनी उभं राहायचं. हे पाळलं नाही की आग रानात शिरते. अशा आगी लागत होत्या, डोंगर काळे पडत होते, हे मी नाकारणार नाही. राबामुळे रानं जळतात या वनखात्याच्या जुन्या तक्रारीत तेवढा भाग खरा होता.

पावसाचा अंदाज घेण्याच्या खुणाही याच दिवसांतल्या. होळीची ज्वाळ कुठे झुकते, बहावा कधी फुलतो, कावळा घरटं झाडाच्या कुठल्या बाजूला आणि किती उंच बांधतो, पावशा कधी ओरडायला लागतो. कावळ्याच्या घरट्यावरून वर्षाचा पाऊस कळतो असं मी मानत नाही. पण या खुणा बघणारा माणूस रोज आभाळाकडे, झाडाकडे आणि वाऱ्याकडे बघत असे, आणि त्यामुळे पेरणीचा दिवस त्याला दहापैकी आठ वेळा बरोबर साधत असे. रोहिणी नक्षत्र २५ मेच्या सुमारास लागतं, मृग ७ किंवा ८ जूनला. रोहिणीत राबावर नांगराचे हलके तास मारून कोरड्या मातीत बी टाकायचं, ती धूळपेर. मृगाची सर आली की बी उगवून येत असे. महिन्याभरात आवण, म्हणजे लावणीचं रोप, तयार, आणि आषाढात लावणी. एखाद्या वर्षी रोहिणीतच जोराचा वळीव झाला तर धूळपेर हुकायची. मग बी भिजवून, पोत्यात दाबून, मोड आणून चिखलात फेकायचं. त्याला रहू म्हणतात. खाडीकाठच्या खारवट जमिनीत तर नेहमीच रहू टाकतात, पण आमच्याकडे ती अडचणीच्या वर्षाची सोय.

आता मूळ मुद्दा. चार गुंठे राब भाजायला लागणारा टहाळ, पातेरा, गवत आणि शेण त्या एक एकर खाचरातून निघत नाही. त्यासाठी खाचराच्या कितीतरी पट उताराचं रान लागतं. त्या रानाला वरकस म्हणतात. वरकसावर ऐन-किंजळीची झाडं असत, उंच गवत असे, आणि आलटून पालटून एखाद्या तुकड्यावर नाचणी-वरी घेतली जाई. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ठाणे जिल्ह्यात इंग्रजांची जमीनमोजणी झाली तेव्हा वरकसाला हलका सारा लावला गेला, हे रान भातजमिनीच्या पोटासाठी आहे असं धरून. १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये राबाचं सविस्तर वर्णन आहे. तेव्हा कर्जत ठाणे जिल्ह्यातच होतं. सरकारी कागदानंच मान्य केलं होतं की डोंगर आणि खाचर मिळून एक शेत होतं.

मग रान कमी का पडलं? १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. पण खरी ओढ सुरू झाली रेल्वेनंतर. १८५६ मध्ये गाडी आमच्या भागातून खोपोलीपर्यंत आली, १८६३ मध्ये बोरघाट ओलांडून वर गेली. रुळाखालच्या पट्ट्यांना लाकूड, मुंबईच्या चुलींना सरपण आणि कोळसा, बांधकामाला वासे. गाडी दाराशी आल्यावर हे सगळं ठाण्याच्या रानातून निघायला लागलं. रान उघडं पडलं तसं सरकारला राखीव जंगलाची गरज भासली, आणि १८७८ च्या वनकायद्यानं राखीव आणि संरक्षित जंगलांच्या हद्दी आखायला सुरुवात झाली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं या कायद्याच्या मसुद्याला विरोध नोंदवला होता. जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये गायरानं आणि डोंगर जंगलखात्यानं गिळल्याचं दुःख मांडलं, ते देशावरच्या कुणब्याइतकंच आमच्या भागालाही लागू होतं. ठाणे आणि कुलाबा (आजचा रायगड) जिल्ह्यांतला शेतकरी विचारत होता: ऐनाचा टहाळ तोडला तर दंड, मग राब कशाचा करू? तक्रारी इतक्या वाढल्या की १८८५ मध्ये सरकारला वन आयोग नेमावा लागला. त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. काही सवलती मिळाल्या: कोणत्या झाडांचा टहाळ तोडायचा, कुणी तोडायचा, सागाला हात लावायचा नाही, असे नियम ठरले. पण हक्क होता त्या जागी सवलत आली, आणि सवलत देणारा ती काढूनही घेऊ शकतो. माझ्या मते आमच्या शेतीचा इतिहास त्या दहा वर्षांत वळला.

वनखात्याची मांडणी अशी होती की राब म्हणजे उधळपट्टी: चार मुठी भातासाठी अख्खं झाड जाळायचं, त्यापेक्षा शेण नुसतं कुजवून घाला. ऐकायला पटतं. पण शेतीच्या अभ्यासकांनी हा प्रश्न तसा सोडून दिला नाही, आणि त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. इंग्लंडहून आलेले रसायनतज्ज्ञ डॉ. जॉन व्होल्कर देशभर फिरले आणि त्यांनी १८९३ मध्ये भारतीय शेतीवरचा अहवाल प्रसिद्ध केला. इथला शेतकरी अडाणी आहे हा समज त्यांनी त्यात स्पष्टपणे खोडून काढला आणि राबाच्या प्रश्नाची गंभीरपणे दखल घेतली. पुढे पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरल्ड मान यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर या सहकाऱ्यांबरोबर राबावर रीतसर प्रयोग केले आणि १९१२ मध्ये ते छापले. त्यांचं म्हणणं असं की राबाचा फायदा नुसत्या राखेतून येत नाही, जमीन तापण्यातून येतो. तापलेल्या मातीची घडण बदलते, रोपाला लागणारं अन्न अधिक प्रमाणात विरघळण्याजोगं होतं, आणि तणाचं बी मरतं. जे सासूबाई माती चुरडून बघत होत्या, तेच प्रयोगशाळेत मोजलं गेलं होतं. हे कानिटकर पुढे सोलापूरकडच्या कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी नावाजले गेले. महाराष्ट्राच्या दोन अगदी वेगळ्या शेतींचा असा अभ्यास करणारा माणूस आपल्या शाळेच्या पुस्तकांत कुठेच भेटत नाही, याचं मला वाईट वाटतं.

१९१९ मध्ये कर्जतलाच भात संशोधन केंद्र उभं राहिलं. कोळंब्यासारख्या आमच्या जुन्या वाणांतून निवड करून तिथे नवी बियाणी तयार झाली. कर्जत १८४ हे नाव तर कोकणात घरोघरी माहीत आहे. बियाणं सुधारत गेलं. रान मात्र आखडतच राहिलं. कर्जत तोवर कुलाबा जिल्ह्यात आलं होतं. २५ सप्टेंबर १९३० ला याच जिल्ह्यात, उरणजवळच्या चिरनेरला जंगल सत्याग्रह झाला आणि गोळीबारात माणसं गेली. शाळेत तो स्वातंत्र्यलढ्याचा प्रसंग म्हणून शिकवतात, आणि तो होताच. पण कोयता घेऊन अक्कादेवीच्या डोंगरावर गेलेल्या त्या शेतकऱ्यांच्या आणि आदिवासींच्या मनात गवत आणि टहाळाचाही हिशेब होता, असं मला वाटतं. ज्याच्या घरी दर चैत्रात राब भाजायचा असतो त्याला जंगलबंदी म्हणजे काय हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यांनी खाचराला न्याय दिला. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानं जिरायत आणि बागायतीच्या बरोबरीनं वरकस हा जमिनीचा वेगळा प्रकार धरला. कूळकायद्याप्रमाणे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि कसणारे मालक मानले गेले. माझे सासरे तेव्हा विशीत होते. ज्या खाचरात त्यांचे वडील कूळ म्हणून राबले ते त्यांच्या नावावर झालं, आणि त्या दिवसाची गोष्ट सांगताना म्हातारपणीही त्यांचा आवाज भरून येई. वरचं वरकस मात्र सगळं मिळालं नाही. थोडं नावावर आलं, थोडं जुन्या मालकाकडे राहिलं, थोडं राखीव जंगलाच्या हद्दीत गेलं. आणि ज्या कातकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या आमचा टहाळ तोडला, त्यांच्या दळीच्या जमिनी, म्हणजे डोंगरउतारावरचे नाचणीचे तुकडे, तर नावावर नव्हत्याच. त्यांना दावा लावायची वाट २००६ च्या वनहक्क कायद्यानं मिळाली. आमच्या शेताच्या इतिहासात त्यांचा वाटा आमच्याइतकाच आहे, हे इथे लिहून ठेवायला हवं.

पुढचं लवकर सांगते, कारण ते सर्वांनी पाहिलेलं आहे. खताची गोणी आली. मुलं कारखान्यांत आणि लोकलनं मुंबईला कामाला गेली. गुरं कमी झाली तसं शेण कमी झालं, नांगराच्या जागी पॉवर टिलर आला. १९७२ मध्ये दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ झालं. तिथल्या शिफारशींमध्ये राब भाजण्याऐवजी गादीवाफे करा, भाताच्या तुसाची राख घाला, बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा पाला खाचरात गाडा असं येऊ लागलं. डॉ. नारायण सावंतांची भातलागवडीची चारसूत्री पद्धतही याच वाटेची. नेरळच्या सगुणा बागेत चंद्रशेखर भडसावळे यांनी तर नांगरट, चिखलणी आणि लावणी तिन्ही वगळून, गादीवाफ्यावर थेट बी टोकण्याचं तंत्र बसवलं, ज्यात राबाची गरजच पडत नाही. मी या बदलांच्या विरोधात नाही. आमच्या घरात बरीच वर्षं राब भाजलेला नाही, गादीवाफे करतो, तुसाची राख घालतो, रोपं चांगली येतात. झाडं छाटावी लागत नाहीत, धूर नाही, सुनेच्या डोक्यावर पाटी नाही, याचा मला मनापासून आनंद आहे.

राब गेला, पण राबाबरोबर वरकसही निरुपयोगी ठरवलं गेलं, त्याला माझा विरोध आहे. टहाळ नको, पातेरा नको, गुरं नाहीत, मग हे रान ठेवायचं कशाला, असं म्हणून आमच्या तालुक्यात उतार विकले गेले. तिथे कुंपणं पडली, फार्महाऊसं झाली, जेसीबीनं सपाट्या काढल्या. तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो तिथे उघडी केलेली माती जाते कुठे? खालच्या खाचरात. पहिल्या पावसात खाली येणारं पाणी पूर्वी गवतातून गाळून यायचं. आता मुरूम घेऊन येतं. बांध फुटतात, मोऱ्या बुजतात, आणि वैशाखात कोरडी होणारी विहीर चैत्रातच तळ दाखवते. वरकसाचं काम फक्त राबाला जळण पुरवणं इतकंच कधीच नव्हतं.

२०२५ च्या वसंतानं हे सगळं एका झटक्यात समोर आणलं. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून कोकणात पाऊस लागला तो थांबेचना. २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. त्याआधीची सर्वांत लवकरची नोंद २९ मेची होती, म्हणजे जुना विक्रमही मोडला. रोहिणीची धूळपेर आमच्या गावात कुणालाच करता आली नाही. जमीन वाफशावर येईना, नांगर लागेना, ज्या एकदोघांनी हौसेनं राब भाजला होता त्यांची राख वाहून गेली. तेव्हा गावातल्या जुन्या बायकांनी रहू काढला. बी भिजवलं, मोड आणले, उताराच्या निचऱ्याच्या जागा शोधून तिथे टाकलं. ज्यांच्याकडे उताराचा तुकडा उरला होता त्यांचं रोप वाचलं. ज्यांचं सगळं शेत खाली सपाटीला होतं त्यांच्या बियाण्यावर पाणी साचून राहिलं, आणि त्यांना दुसऱ्यांदा बी विकत आणावं लागलं. पाऊस पुन्हा असा लवकर येईल की नाही हे मी सांगू शकत नाही, पण उंचावरची थोडी जमीन हाताशी असणं ही आमच्या शेतीची जुनी खबरदारी होती, आणि ती त्या वर्षी उपयोगी पडली.

म्हणून माझ्यासारख्या घरांना माझी विनंती आहे. वरकस विकायचं ठरत असेल तर आधी सातबारा उघडून बसा आणि घरातल्या सर्वांत वयस्क बाईला त्या तुकड्यावर घेऊन जा. पाणी कुठून उतरतं, ऐन कुठे उभे आहेत, रोप कुठे टाकत होते, गुरांची वाट कोणती, हे सगळं तिला विचारून कागदावर उतरवा. शक्य असेल तर विकू नका. विकावंच लागलं तर ओढ्याची आणि पाण्याची वाट, आणि त्या वाटेवरची झाडं, यांचा हक्क खरेदीखतात लेखी राखून ठेवा.